गोळी बंद करायची घाई नेमकी कुणाला असते?

सिंहगडरोडकर

विषय अवघड आहे, पण इथे लोक तोंडावर बोलतात म्हणून धागा काढतोय.

ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, सुटून बरीच वर्षं झाली. तिच्या जागी डॉक्टर देतात ते बुप्रेनॉर्फिन चालू आहे, जिभेखाली ठेवायची गोळी. नोकरी टिकली आहे, गाडीचे हप्ते वेळेवर जातात, आईने कपाटाच्या किल्ल्या कमरेला खोचून फिरणं बंद केलंय. तरी दर सणाला एक काका विचारतातच, "अजून किती दिवस त्या गोळीवर?" हे काका स्वतः सकाळी तंबाखू मळल्याशिवाय संडासला जाऊ शकत नाहीत. असो.

आता मीच डॉक्टरांशी बोलून डोस कमी करायला घेतलाय. काकांसाठी नाही, माझं मला वाटलं म्हणून. माझं म्हणणं एवढंच, की बंद करायची तर सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या टप्प्याला द्यावा. लोक बरोबर उलटं करतात. १६ मिलिग्रॅमवरून ८ ला आलो, ८ वरून ४ ला, पुढे २ ला, फारसं काही झालं नाही. मग आता २ चं काय घेऊन बसलात, टाका सोडून! आणि तिथेच आपटतात. हे औषध मेंदूतल्या ओपिऑइड रिसेप्टरना, म्हणजे गर्द जिथे जाऊन बसते त्या जागांना, इतकं घट्ट चिकटतं, की २ मिलिग्रॅमसुद्धा त्यातला मोठा हिस्सा धरून ठेवतं. त्यामुळे १६ चे ८ झालेले शरीराला जेमतेम कळतात आणि २ चं शून्य झालेलं चांगलंच कळतं.

मी सध्या त्याच खालच्या पायऱ्यांवर आहे. ऑफिसात मीटिंग चालू असताना लागोपाठ जांभया, डोळ्यांतून पाणी, भर उकाड्यात अंगावर काटा. रात्री पाय. पाय दुखत नाहीत, पण गादीवर एका जागी राहतच नाहीत. उठून गॅलरीत फेऱ्या मारायच्या, परत आडवं व्हायचं, परत उठायचं. खालून पहिली पीएमपीची बस गेली की कुठे डोळा लागतो.

हे सगळं घाईने उरकावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी कारण सांगावं.

बिनधास्त_बंडू

सांगतो कारण. लांबवलं की लांबतच जातं. आमच्या वेळी टर्की, म्हणजे नशा सुटतानाचा त्रास, काढायची म्हणजे काढायची. भरती व्हायचं, घाम, उलट्या, जुलाब, सगळं अंगावर घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. पुण्याला हे नवीन आहे का? अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं ते गर्दच्या लाटेतच. गटात बसून, समुपदेशकाशी बोलून, घरच्यांना बरोबर घेऊन माणसं उभी राहिली आहेत, मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

गोळी म्हणजे एका खुंटीचं सोडून दुसऱ्या खुंटीला बांधून घेणं. आणि याच बुप्रेनॉर्फिनची इंजेक्शनं आपल्या देशात लोक नशेसाठी टोचून घेत होते, तेही सांगा की. दहा दिवस काढा, संपवा विषय.

औषधवाला

बंडूशेठ, इंजेक्शनचं खरं आहे. म्हणूनच पुढे गोळीत नॅलोक्झोन मिसळायला लागले: जिभेखाली ठेवली तर ते जवळजवळ काही करत नाही, गोळी विरघळवून टोचली तर नशा अडवतं.

पण दहा दिवसांचा हिशोब गर्दचा आहे. गर्दची टर्की आठ-बारा तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचते, आठवडाभरात बरीचशी उतरते. बुप्रेनॉर्फिन शरीरातून निम्मं जायलाच एक ते पावणेदोन दिवस लागतात. एकदम थांबवलं तर पहिले दोन-तीन दिवस माणूस म्हणतो, "अरे, काहीच नाही!" नंतर हळूहळू चढत जातं आणि जोर कमी असला तरी आठवडे रेंगाळतं. म्हणजे दहाव्या दिवशी पेढे वाटून डिस्चार्ज द्यायचा आणि खरे वाईट दिवस त्याने घरी एकट्याने काढायचे, वर घरचे म्हणणार, "आता तर बरा झालास ना?"

टर्कीने धडधाकट माणूस सहसा मरत नाही. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं तर जिवावर बेततं, पण खरा धोका पुढे आहे. गोळी सुटली की शरीराची सवय मोडते. मग एखाद्या वाईट रात्री माणूस जुन्या मापाने गर्द घेतो आणि श्वास थांबतो.

स्वीडनमध्ये २००३ साली एक अभ्यास छापून आला. निम्म्यांना वर्षभर गोळी, निम्म्यांची सहा दिवसांत कमी करून पुढे औषध नसलेली नुसती गोळी. वर्षअखेरीस पहिल्या गटातले तीन-चतुर्थांश लोक उपचारात होते. दुसऱ्यातला एकही नाही, आणि चार मेले होते.

बिनधास्त_बंडू

किती जणांवर केला होता तेही लिहा.

औषधवाला

चाळीस. वीस आणि वीस. लहान अभ्यास आहे, मान्य. पण समुपदेशन आणि गट दोन्हीकडच्यांना होते, तुम्ही म्हणता तसेच. मोठा हवा असेल तर २०११ चा अमेरिकेतला घ्या, वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनात अडकलेले ६५३ जण. बुप्रेनॉर्फिन चालू असताना जवळजवळ निम्मे नीट होते. ती कमी करत बंद केल्यावर आठ आठवड्यांनी पाहिलं तर दहात एकसुद्धा धड नाही.

मीनाताई_हडपसर

तुम्ही सगळे आकडे घेऊन बसलात, मी रांगेचं सांगते. माझा धाकटा भाऊ सुईवर होता, आता सरकारी ओएसटी केंद्रातून, म्हणजे नशेच्या जागी ही गोळी देतात तिथून, औषध घेतो. रोज जायचं. नर्सबाई गोळ्या चुरतात, जिभेखाली घालतात, मग विरघळेपर्यंत समोर बसायचं, बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही. हे रोज. तो टेम्पो चालवतो. सकाळचा मार्केट यार्डाचा फेरा या पायी जातो आणि मालक ऐकत नाही. त्याला गोळी सोडायची आहे ती कुणा काकांमुळे नाही, पोटामुळे.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये घरी न्यायला गोळ्या दिल्या होत्या, तेव्हा काही आभाळ कोसळलं नाही. सिंहगडरोडकर, तुम्ही खासगी डॉक्टरकडून चिठ्ठी घेऊन येता, तुम्हाला "हळू करा" म्हणायला काय जातंय? राग मानू नका.

सिंहगडरोडकर

राग कसला, ताई. मला चिठ्ठीवर आठवड्याच्या गोळ्या मिळतात, हा फरक मी धरलाच नव्हता. पण रांग जड आहे म्हणून औषध सोडायचं, हे पटत नाही. रांग हलवायला हवी. डोस घरी द्या म्हणून भांडा.

पर्वतीपायथा

मी पूर्ण बंद केली आहे आणि सिंहगडरोडकरांशी थोडा असहमत आहे. मलाही शेवट हळू करायला सांगितला होता. झालं काय, की ब्लेडने गोळीचे तुकडे करत, सांडलेली भुकटी बोटाने टिपत मी तासन्‌तास बसायचो. डोस उतरला आणि गोळीचा विचार मात्र चढला. शेवटी डॉक्टरांनीच तारीख धरून थांबवली. हळू म्हणजे किती हळू, यालाही मर्यादा हवी.

पुढचे आठवडे वाईट गेले. उपयोगी पडलं ते असं: पाय वळवळायला लागले की रात्री दोन वाजता का होईना, कढत पाण्याची बादली. जुलाबाला ओआरएस, ताक, मऊ भात. लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवायची गोळी, पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त नाही, जास्त घेतली की हृदयाचे ठोके बिघडतात. डॉक्टरांनी क्लोनिडिन दिली होती, घाम आणि धडधड तिने कमी होते, पण बीपी इतकं उतरतं की अंथरुणातून ताडकन उठलं तर माणूस खाली. बीपी मोजल्याशिवाय, कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. आणि झोपेसाठी अल्प्राझोलाम वगैरे मेडिकलवाल्याच्या ओळखीने तर अजिबात नको. त्यावर एखाद्या रात्री गर्द पडली तर संपलंच.

जुन्या मित्रांचे नंबर आधी उडवा. टर्कीत ते पाठ असल्यासारखे आठवतात.

औषधवाला

ब्लेड कशाला हो? ०.४ मिलिग्रॅमची गोळी मिळते आपल्याकडे. डॉक्टरांना सांगून ती लिहून घ्यायची. बाकी क्लोनिडिन आणि झोपेच्या गोळ्यांबद्दल शब्दन्‌शब्द सहमत.

आणि एक. कमी करताना जमेनासं झालं, तर मागच्या डोसवर परत जाता येतं, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर पेशंट लपवतो, आणि लपवलं की बाहेर शोधतो.

बिनधास्त_बंडू

म्हणजे एकूण काय, कधीच सुटली नाही तरी चालेल.

पर्वतीपायथा

माझी सुटली की. पण हो, माझ्या बरोबरचा एक जण अजून घेतो, दोन मुली शाळेत आहेत, धंदा चालू आहे. त्याने का सोडावी?

बिनधास्त_बंडू

औषधावर उभा आहे म्हणून. ते काढलं की काय होईल हे त्यालाही माहीत नाही. माझं मत बदललेलं नाही. फक्त दहा दिवसांचं मागे घेतो, गोळीचा हिशोब वेगळा असेल तर असेल.

मीनाताई_हडपसर

भावाला घरी गोळ्या देतील का, मी उद्या केंद्रात विचारते. मागे विचारलं तेव्हा "नियम नाही" म्हणून वाटेला लावलं होतं.

औषधवाला

तोंडी विचारू नका, ताई. नर्सच्या हातात ते नसतं. केंद्रातल्या डॉक्टरांच्या नावाने अर्ज लिहा, कामाच्या वेळा लिहा, मालकाचं पत्र जोडा आणि पोच घ्या. घरी औषध ठेवायची जबाबदारी तुमची असेल, कुलपात राहील, हेही लिहा. घरात लहान मूल असेल तर ते विचारतातच. तोवर भावाने स्वतःहून डोस चुकवायला लागू नये. अडलं तर १४४४६ वर फोन करा, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत.

बिनधास्त_बंडू

अर्ज, पत्र आणि पोच. शोभता पुण्याचे. ताई, मालकाने पत्र द्यायला कुरकुर केली तर इथेच लिहा, मार्केट यार्डात माझी थोडी ओळख आहे.