'द सेटन बग' (१९६५) पुन्हा बघताना: विज्ञान किती खरं, आणि मधला भाग सपाट का?

कुपीतलं_भूत
जॉन स्टर्जेसचा 'द सेटन बग' परत लावलाय. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या गुप्त प्रयोगशाळेतून बोट्युलिनस आणि 'सेटन बग' विषाणूच्या कुप्या चोरीला जातात, तिथवर पकड घट्ट आहे. पुढे नुसत्या गाड्या धावतात. दोन शंका: माणसं अशी पटापट कोसळतील का? आणि हा सपाटपणा पटकथेचा की प्रतीचा? प्रत जुन्या टीव्हीच्या मापाची, चौकोनी आहे.

पेट्रीडिश
नाही कोसळणार. बोट्युलिनम (सिनेमातलं 'बोट्युलिनस') हे जिवाणूने तयार केलेलं विष आहे. ते स्वतः वाढत नाही, एकाकडून दुसऱ्याला लागतही नाही. मज्जातंतूच्या टोकाला स्नायूंना निरोप देणारं रसायन, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन सुटणं ते थांबवतं, म्हणून स्नायू ढिले पडतात. आधी पापण्या, दृष्टी, बोलणं, मग खाली हातपाय. शेवटी श्वासाचे स्नायू. अन्नातून गेलं तर लक्षणं साधारण १२ ते ३६ तासांनी दिसतात. त्यामुळे सिनेमातल्यासारखं पिंजऱ्यातला प्राणी आत नेऊन दोन मिनिटांत 'हवा स्वच्छ' ठरवणं म्हणजे निव्वळ सिनेमा.

सिनेमातलं विष काही तासांत निकामी होतं, ती कल्पना मात्र अगदीच हवेतली नाही. विष नाजूक असतं, ८५ अंशांवर ५ मिनिटांत निष्क्रिय होतं. चिवट असतात ते जिवाणूचे बीजाणू. डबाबंद अन्न १२१ अंशांवर शिजवतात ते त्यांच्यासाठीच.

सगळी जीवसृष्टी संपवणारा 'सेटन बग' विषाणू ही खरी थाप. विषाणूला ठरावीक पेशीच लागतात. माणूस, गवत आणि मासा एकाच दमात कसे मारणार?

पॅनाव्हिजन_प्रेमी
दोष प्रतीचा, निदान अर्धा. चित्रपटाचं रुंदी-उंचीचं प्रमाण २.३५:१. तो १.३३:१ मध्ये बसवला की रुंदीचा जवळजवळ ४३ टक्के भाग कापला जातो. छायालेखक रॉबर्ट सर्टीज ('बेन-हर'वाले) वाळवंट मोकळं ठेवून माणसं कडेला उभी करतात. कापलेल्या प्रतीत एक जण गायब, दुसरा हवेशी बोलतोय! रुंद प्रत मिळवा, टीव्हीचं 'झूम' बंद ठेवा. आणि जेरी गोल्डस्मिथचं पार्श्वसंगीत फोनच्या स्पीकरवर ऐकू नका.

जुनी_पानं
उरलेला अर्धा दोष पटकथेचा. मूळ कादंबरी अ‍ॅलिस्टर मॅक्लीनची, १९६२ ची, 'इयन स्टुअर्ट' या टोपणनावाने लिहिलेली. घडते इंग्लंडात, विल्टशायरमध्ये. तिथे नायक कॅव्हेल स्वतः गोष्ट सांगतो आणि वाचकापासून बरंच दडवतो. सगळा खेळ त्या लबाड निवेदनाचा. जेम्स क्लॅव्हेल आणि एडवर्ड अ‍ॅनहाल्ट यांनी निवेदन काढून नायकाचा बॅरेट केला, पण त्या जागी दुसरं काही बसवलं नाही. वर रिचर्ड बेसहार्टसारखा नट दिसला की खलनायकाचा अंदाज लवकरच येतो. मग उरतो पाठलाग.

पेट्रीडिश
एक राहिलं. अशा प्रयोगशाळेत आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे फट पडली तरी हवा आत ओढली जाते. बाहेर जाणारी हवा गाळणीतून जाते. पुण्यात पाषाणला एनआयव्हीची (राष्ट्रीय विषाणू संस्था) बीएसएल-४, म्हणजे सर्वोच्च सुरक्षा पातळीची प्रयोगशाळा आहे, ती याच तत्त्वावर. सिनेमातला भर जाडजूड दारावर आहे. खरी भिस्त पंखे आणि गाळण्यांवर असते.

कुपीतलं_भूत
रुंद प्रत शोधतो. कादंबरी आधी वाचू की नंतर?

जुनी_पानं
नंतर. आधी वाचलीत तर बॅरेट झालेल्या जॉर्ज मॅहॅरिसच्या तोंडी कॅव्हेलचे टोमणे शोधत बसाल.