मदत हवी आहे: चोरी झाल्यापासून घराबाहेर पाऊल पडत नाही

निशिगंध७
चोरीनंतर कोणाला असं झालंय का? चपला घालते, कुलूप लावते, आणि पुन्हा उघडून आत येते. काल दोनदा झालं. शेवटी दूध नवऱ्याने आणलं. लॅच बदललंय, सेफ्टी डोअर आहे, त्यामुळे प्लीज कॅमेरे सुचवू नका. सोमवारपासून ऑफिसला जायचंच आहे, रजा संपली. लवकर सांगा.

बंडूनाना
वायफायवाला कॅमेरा बसवून टाका. मोबाइलवर घर दिसतं. आम्ही मावशीकडे जेवायला गेलो तरी मी बघत असतो.

तिरफळ
नाना, मूळ पोस्ट वाचायची पद्धत आहे इथे. निशिगंध, चोरी कधी झाली? तेव्हा घरात कोणी होतं का?

निशिगंध७
ते सगळं सांगायला हवं का? बरं. सात आठवडे झाले. डोंबिवली, तिसरा मजला, भर दुपार. लेकीला क्लासला सोडून आले, चाळीस मिनिटं फार तर. शेजारच्या दोन्ही दारांना बाहेरून कड्या घातल्या होत्या आणि आमचा कोयंडा कटावणीने उचकटलेला. दागिने गेले, आईच्या पाटल्यासुद्धा. पण डोक्यातून जात नाही तो तांदळाचा डबा. आत काही लपवलंय का बघायला ओट्यावर पालथा केला होता. कपाटावर ठसे घेणाऱ्यांची काळी पावडर अजून तशीच आहे, पुसायला हात होत नाही. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. जेवण जात नाही. नवरा म्हणतो, गेलं ते गेलं.

पेठेतला वकील
एफआयआरची प्रत घेतलीत का? फुकट मिळते. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना नवा कायदा, भारतीय न्याय संहिता: घरातली चोरी कलम ३०५, घरफोडी ३३१. तपास कुठवर आला ते ९० दिवसांत तक्रारदाराला कळवायचं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास कसा करायचा त्याचा कायदा) कलम १९३ मध्ये आहे. दागिन्यांच्या पावत्या शोधून ठेवा, माल सापडला तर कोर्टातून सोडवताना लागतील.

तिरफळ
वकीलसाहेब, त्यांनी दागिन्यांचं विचारलेलंच नाही.

पेठेतला वकील
विचारलं नाही म्हणून सांगू नये का?

आगाऊकार्टी
माझंही असंच झालं होतं. उपाय सोपा आहे: कुलूप लावलं की फोटो काढायचा. रिक्षात शंका आली की फोटो बघायचा. दोन महिन्यांत सुटले.

सुमनकाकू
सुटलात, छान. पण सगळ्यांना हे सांगू नका. मी समुपदेशनाचं काम करते. आज एकदा फोटो बघून बरं वाटतं, मग दहादा बघावासा वाटतो, आणि मग फोटोशिवाय निघताच येत नाही.

आगाऊकार्टी
मी स्वतः भोगून सांगतेय, पुस्तकातलं नाही.

बंडूनाना
म्हणूनच म्हणतो, कॅमेरा. लाइव्ह दिसतं, फोटोची भानगडच नाही.

माईंचा_नातू
घरात एकदा उदकशांत करून घ्या. मनाला बरं वाटतं.

सुमनकाकू
करायची तर करा, त्याने बिघडत काही नाही. निशिगंध, दोन गोष्टी विचारते. जगणंच नको असं मनात येतं का? आणि बाहेर गेल्यावर नेमकी कशाची भीती वाटते?

निशिगंध७
पहिलं नाही. नुसतं पडून राहावंसं वाटतं.
दुसरं, बाहेर कसलीच नाही. मागच्या आठवड्यात नवऱ्याबरोबर स्टेशनपर्यंत गेले, गर्दीत काही झालं नाही. परत येताना झालं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावरून आमचं दार दिसतं. त्या दिवशी तिथूनच उघडं दिसलं होतं.

सुमनकाकू
मग सराव परत येण्याचा करा, बाहेर जाण्याचा नव्हे. घरात कोणी असताना खाली उतरा, वर मात्र एकट्या या. वळणावर थांबा, दाराकडे बघा. छाती धडधडेल. ती धडधड निम्मी उतरेपर्यंत तिथून हलू नका, पळालात तर भीती तेवढीच राहते. रोज करा. जमलं की घर रिकामं ठेवून पाच मिनिटं, मग दहा.
झोप आणि भूक इतके आठवडे गेलीय, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवाच. गोळ्या दिल्या तर गुण यायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत सोडू नका. तोवर बोलायला टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, मोफत, रात्री तीनलाही. सोमवारचा हट्ट धरू नका, रजा वाढवून मागा.

निशिगंध७
सासूबाई घरात होत्या, तेव्हा खाली जाऊन आले. वळणावर कठडा धरून उभी राहिले. दार बंद होतं. माहीत होतं तरी घाम फुटला. पहिल्या मजल्यावरच्या काकू विचारत होत्या, पाय दुखतोय का. हो म्हणाले. संध्याकाळी परत गेले, तेव्हा जरा कमी. डॉक्टरांची गुरुवारची वेळ मिळालीय. रजेचं साहेबांना अजून बोलले नाही.

खोडरबर
ती काळी पावडर ओल्या फडक्याने पुसू नका, पसरते आणि डाग धरते. आधी मऊ ब्रशने कोरडीच झटका, मग साबणाचं पाणी. आमच्या दुकानात झालं होतं तेव्हा शिकलो.

निशिगंध७
धन्यवाद. ब्रश आहे घरात. आज नको.