बैठकीत कोण बसतं? गावातले, कॉलेजातले अनुभव लिहा

मंडळी, हा धागा विदर्भातल्या खेड्यापाड्यांतल्या वाचकांसाठी. वर्गप्रतिनिधी निवडताना, ग्रामसभेत, मंडळाच्या वर्गणीत कोणाला धरलं, कोण बाहेर राहिलं? स्वतःचा प्रसंग लिहा. संस्थेचं, माणसाचं नाव नको. सुरुवात मीच करते.

धागाकर्ती, दारव्हा तालुका
कॉलेजात थेट निवडणुका परत आणणारा २०१६ चा विद्यापीठ कायदा यायच्या आधीची गोष्ट. त्या निवडणुका नव्वदच्या दशकातच बंद पडलेल्या. वर्गात पहिला येईल तो वर्गप्रतिनिधी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी तो मान माझ्याकडे आला. आईनं शेजारी गूळ वाटला. पण विद्यार्थी परिषदेची बैठक दुपारी चारला आणि आमच्या गावाची शेवटची एसटी पावणेचारला. तीन बैठका झाल्या, तिन्ही वेळा माझ्या नावापुढे 'गैरहजर'. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. बाकीची मुलं कॉलेजच्या गावातच राहणारी, सायकलवर घरी जाणारी. एसटीची वेळ त्यांच्या डोक्यात येणार कशी? आणि मला सांगायचं धाडस नव्हतं.

एक दिवस ग्रंथालयातल्या मॅडमनी विचारलं, "तुझी गाडी किती वाजताची गं?" एवढंच. पुढची बैठक साडेअकराला लागली. त्या बैठकीत मी पहिल्यांदा तोंड उघडलं ते मुलींच्या संडासाला कडी नाही हे सांगायला. तोवर एकीनं बाहेरून दार धरायचं, दुसरीनं आत जायचं, असंच चालायचं. आठवड्यात कडी बसली.

ग्रामपंचायत सदस्य, अकोला जिल्हा
ताई, आमच्याकडेही घड्याळच आडवं आलं. २०११ मध्ये निम्म्या जागा बायांच्या झाल्या, म्हणून मी निवडून आली. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. ती लागायची कापूस वेचणीच्या दिवसांत, सकाळी अकराला. वेचणीची मजुरी किलोवर. सभेला बसली तर चूल कशी पेटंल? मग रजिस्टर घरोघरी सहीला फिरायचं. माझ्या जावेनं एकदा विचारलं, "कायची सही हाय हे?" आणणाऱ्यालेही सांगता आलं नाही. आता आम्ही रात्री जेवणं झाल्यावर देवळाच्या ओट्यावर बसतो. आधी वाचून दाखवायचं, मग सही.

आर्वी तालुका, वर्धा जिल्हा
माझा अनुभव उलट बाजूचा आहे. बाहेर ठेवणारा मीच होतो. कॉलेजात मी वक्तृत्व स्पर्धा गाजवायचो. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्ये जमनालाल बजाजांनी दलितांसाठी खुलं केलं, हे माझं ठरलेलं वाक्य; टाळ्या हमखास. गावात मी गणेश मंडळाचा अध्यक्ष. एका वर्षी नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या माझ्याच वर्गमित्राकडे पावतीपुस्तक घेऊन गेलो. त्यानं एक्कावन्न रुपये दिले, पावती घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, "वर्गणी दरवर्षी नेतं तू. मीटिंग कधी असते, हे एकदाही नाही सांगितलं." मी म्हटलं, मीटिंग तर सर्वांना खुलीच असते. तो म्हणाला, "कोणाच्या घरी असते?" माझ्याच घरी असायची. आणि त्यानं आमच्या ओसरीच्या आत कधी पाय ठेवला नव्हता, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. पुढच्या वर्षी मीटिंग शाळेच्या पटांगणात घेतली, बोलवायला मी स्वतः गेलो. तो आला. हिशेबाची वही आता त्याच्याकडे असते. घरात मोठ्या काकांनी दोन महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं, तेही इथं लिहून ठेवतो.

रासेयो (राष्ट्रीय सेवा योजना) स्वयंसेवक, गडचिरोली
शिबिरातून आम्ही धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) पाहिलं. तिथं बहुमत चालत नाही; सर्वांचं एकमत होईस्तोवर निर्णय थांबतो. वेळ जातो, पण हात वर करून कोणाला हरवलं जात नाही. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर साऱ्या गावाचा मिळून हक्क, मिळवलेलं हे गाव. आमच्या गटात शेकोटीला कोणतं गाणं म्हणायचं, हेही आम्ही मग तसंच ठरवलं. तास गेला.

जि. प. शिक्षक, झरी जामणी
शाळेच्या बालसंसदेत कोलाम पोडावरचा (कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचा) चौथीतला मुलगा पाणीमंत्री झाला. चिठ्ठ्या, बोटाला शाई, सगळं रीतसर. मराठीत तो दोन शब्दांच्या पुढे जात नसे. परिपाठात हात धुण्याची सूचना द्यायची त्याची पाळी आली आणि तो खाली बघत उभा राहिला. मी म्हटलं, "तुझ्या बोलीत सांग." त्यानं कोलामीत सुरुवात केली, आणि पोडावरची पहिलीतली लेकरं, जी कधी मान वर करत नसत, ती त्याच्याकडे तोंड करून बसली. बाकीचे विचारायला लागले, "सर, तो काय म्हणून राह्यला?" मलाही पुरतं कळलं नव्हतं. पहिलीतली एक चिमुरडी उठली आणि मोडक्या मराठीत सगळ्या शाळेला अर्थ सांगू लागली.