नॉर्व्हेलला काढल्याने लाइन उभी राहणार नाही

"मुख्य प्रशिक्षक माइक नॉर्व्हेलला काढा, सगळं सुटेल" हे मला पटत नाही. फ्लोरिडा स्टेट हा त्याचा अमेरिकन कॉलेज फुटबॉल संघ २०२३ मध्ये १३-१ (१३ विजय, १ पराभव), २०२४ मध्ये थेट २-१०, २०२५ मध्ये ५-७. मधल्या काळात आक्रमणाचे प्रशिक्षक म्हणून गस मालझान आणि बचावाचे टोनी व्हाइट आणले, तरी हंगाम पाचच विजयांवर अडकला.

२०२५ मध्ये अलाबामाला ३१-१७ हरवलं ती मॅच पुन्हा बघा. क्वार्टरबॅक (पास टाकणारा खेळाडू) कॅस्टेयानोसने फक्त १४ पास टाकले, बाकी जास्त जोर चेंडू घेऊन धावण्यावर. पिछाडीवर पडलात की हे जमत नाही, पास टाकावेच लागतात, आणि तिथे लाइनची, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या पाच जणांची, परीक्षा होते. ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे दुसऱ्या कॉलेजांतून, आणलेले पाच जण एकत्र फारसे खेळलेले नसतात. समोरच्या बचाव फळीतल्या टॅकल आणि एंड या दोघांनी जागा बदलून आत घुसायचं ठरवलं, की आपल्या लाइनमधले शेजारचे गार्ड आणि टॅकल दोघंही एकाच माणसामागे जातात. दुसरा सरळ क्वार्टरबॅकवर! ही समज सरावात, शेजारी शेजारी उभं राहूनच येते. शाळेतून घेतलेला लाइनमन तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात.

२०२५ च्या हंगामाअखेर नॉर्व्हेलचा करार मोडायला पाच कोटी डॉलरहून जास्त लागले असते. तो पैसा आधी लाइनवर लावा.