ग्रे लिटरेचर संदर्भसूचीत घ्यायचं की परिशिष्टात ढकलायचं?

बालाघाटकर
बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांवर पीएच.डी. चालू आहे. गाइड सरांचा आग्रह असा की संदर्भसूचीत फक्त जर्नलमधले समीक्षित, म्हणजे छापण्याआधी तज्ज्ञांनी तपासलेले, लेख हवेत. समित्यांचे अहवाल, संस्थांच्या पाहण्या, सभागृहातली उत्तरं हे सगळं ग्रे लिटरेचर, परिशिष्टात टाका म्हणतात. मला हे पटत नाही. 2019 साली हा विषय आधी बातम्यांत आला, मग विधान परिषदेत, मग सरकारनं नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीच्या अहवालात. जर्नलं मागून आली. 1984 चा दांडेकर समितीचा प्रादेशिक असमतोलावरचा अहवाल बाजूला ठेवून मराठवाड्याच्या अनुशेषावर एक पान कुणी लिहून दाखवावं.

आकडेमोड
दांडेकर समितीला पुढं करू नका, तुमच्याच विषयावर बोला. आरोग्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं की जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत 4,605 शस्त्रक्रिया झाल्या. गोऱ्हे समितीच्या वेळच्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. दोन्ही आकडे सरकारी, फरक तिपटीचा. जर्नलच्या समीक्षकानं पहिल्याच फेरीत मान धरली असती.

बालाघाटकर
पहिला आकडा रुग्णालयांच्या नोंदींचा, तोही तीनच वर्षांचा. दुसरा बायकांना विचारून काढलेला, शस्त्रक्रिया कधीही झालेली असो. दोन वेगळ्या गोष्टी मोजल्यात, भांडण कुठंय?

आकडेमोड
तुम्हाला कळलं. पण लोक तेच 13,861, म्हणजे सुमारे 17 टक्के, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 3.2 टक्क्यांशेजारी ठेवून मोकळे होतात. ती 2015-16 ची पाहणी 15 ते 49 वयाच्या बायकांची, सगळ्या देशाची. वयोगट जुळवल्याशिवाय ही तुलना करणाऱ्याचा प्रबंध मी तर परत पाठवीन.

परभणीची ग्रंथपाल
भांडा निवांत, पण आधी कागद सापडायला हवा ना. जुने सरकारी पीडीएफ एक तर स्कॅन केलेले, नाही तर युनिकोडपूर्व फॉन्टात. त्यातली मराठी गूगलला बहुतेकदा दिसत नाही. म्हणून कागदातला मजकूर शोधत बसू नका. समितीचं नाव, खातं, वर्ष टाका आणि सोबत ‘फाइलटाइप पीडीएफ’ची (filetype:pdf) अट लावा. शब्दही बदलून बघा: ऊसतोड, उसतोड, गर्भाशय, हिस्टरेक्टॉमी. गावात बायका ‘पिशवी काढली’ म्हणतात, संस्थांच्या मुलाखतींत तेच सापडतं. कागद मिळाला की त्याच दिवशी वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या साइटवर, जतन करा, सरकारी लिंक कधी मरेल नेम नाही.
पारखायला फ्लिंडर्स विद्यापीठातल्या जेस टिंडॉल यांची 2010 ची ‘आकॉड्स’ चेकलिस्ट आहे: अधिकार, अचूकता, व्याप्ती, निःपक्षपात, तारीख, महत्त्व. माझ्या मते आपल्याकडं खरी गोची तारखेची. कित्येक पीडीएफांवर ती नसतेच.

मुक्काम लातूर
समीक्षितचं एवढं कौतुक कशाला? यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2018 च्या मे महिन्यात स्वतःच्याच मान्य यादीतून 4,305 जर्नलं काढून टाकली. त्यांतले लेख दाखवून लोक प्राध्यापक होऊन बसले, त्यांचं काय करायचं?

आकडेमोड
जर्नल बोगस निघालं म्हणून अहवालाला पुण्य लागत नाही. ज्या संस्थेला त्याच प्रश्नावर निधी मिळतो, तिनं बायका निवडल्या कशा, हे मी विचारणारच.

मुक्काम लातूर
विचारा की! पण नमुना कसा निवडला हे ज्या अहवालात लिहिलंय तो तरी सूचीत येऊ द्या. औषधांच्या चाचण्यांचे आढावे घेणारे कोक्रेनवालेही अप्रकाशित अभ्यास मुद्दाम शोधतात, कारण ‘काही फरक पडला नाही’ असा निष्कर्ष छापायला जर्नलं फारशी राजी नसतात.

बालाघाटकर
ठीक. सरांपुढं सूचीच ठेवतो, प्रत्येक अहवालाखाली कुणी मोजलं, कुणाला मोजलं, कोणत्या काळात, अशी एक ओळ लिहून. 4,605 चे रुग्णालयनिहाय तक्ते कुणाकडे आहेत का?

परभणीची ग्रंथपाल
माहिती अधिकारात मागा. अर्जात ‘माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका, तक्त्याचे रकाने नावानिशी लिहा. नाही तर एक आकडा टंकून हातात देतात.

आकडेमोड
आणि वयाचा रकाना विसरू नका.