बेडरूमला राखाडी झाक असलेला मोव्ह द्यावा का?

शेवंती_नाशिक:
दिवाळीआधी रंगकाम काढलंय. बेडरूम १० बाय १२, खिडकी एकच, पश्चिमेला. शेडकार्डावरचा एक मोव्ह मनात भरलाय: जांभळा म्हणावा तर राखाडी वाटतो, राखाडी म्हणावा तर गुलाबी. सासूबाईंचं सागवानी कपाट आणि पलंग याच खोलीत राहणार, ते हलवायचे नाहीत. फरशी क्रीम व्हिट्रिफाइड. घरचे म्हणतात अंधार होईल. रंगारीकाका म्हणतात, "ताई, ऑफव्हाइटच मारा." तो तर लग्न झाल्यापासून बघतेय! चारही भिंतींना मोव्ह दिला तर?

गेरू_आणि_चुना:
द्या, अगदी बिनधास्त द्या. घरांच्या अंतर्गत सजावटीचंच काम करते, आणि हा रंग माझा फार लाडका आहे.

आधी नमुना करा. भिंतीवर ठिपका मारू नका, जुन्या रंगाच्या शेजारी नवा रंग वेगळाच दिसतो. दोन फुटी जाड पुठ्ठ्याला प्रायमर मारून रंगाचे दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. ओला इमल्शन वाळल्यावर गडद होतो. मग पुठ्ठा कपाटाला टेकवून ठेवा, नंतर खिडकीसमोरच्या भिंतीला. तुमची खिडकी पश्चिमेची, म्हणजे सकाळी तो राखाडी वाटेल आणि चारनंतर उन्हात गुलाबी-तपकिरीकडे झुकेल. दोन्ही रूपं आवडली तरच डबा मागवा. चार भिंतींचा रंग एकमेकींवर पडून आणखी दाट होतो, म्हणून आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकी घ्या.

खरी गोम रात्रीच्या दिव्यात आहे. खोलीत ६५०० केल्विनची (केल्विन म्हणजे उजेड पिवळसर की निळसर-पांढरा याचा आकडा) पांढरी ट्यूब असेल तर हाच रंग राखेसारखा निस्तेज दिसेल. २७०० ते ३००० केल्विनचे दिवे लावा, आकडा खोक्यावर असतो. सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या पुढचा मिळाला तर उत्तम. हलक्या प्रतीच्या दिव्यांत लाल छटा नीट उमटत नाही आणि मोव्हचा सगळा जीव त्या लालीत असतो.

फिनिश मॅट, पण धुता येणारा. चकाकीत लांबीचे (पुट्टीचे) उंचवटे लगेच दिसतात.

कोकणकडा:
माझं मत वेगळं. पलंगामागच्या एकाच भिंतीला द्या, बाकी पांढऱ्या. लहान खोलीत तेच बरं.

गेरू_आणि_चुना:
@कोकणकडा, गडद रंग असता तर हेच सुचवलं असतं. पण असा दबका रंग शुभ्र पांढऱ्याला लागून आला की मळल्यासारखा दिसतो. छतसुद्धा शुभ्र नको, किंचित क्रीम असू दे.

शेवंती_नाशिक:
पडदे? आणि सागवान फार पिवळं दिसणार नाही ना?

गेरू_आणि_चुना:
थोडं दिसेल. जांभळ्याशेजारी पिवळा उठतोच. म्हणून मोव्ह निवडताना निळसर सोडा, तपकिरी-गुलाबीकडचा घ्या, म्हणजे सागवान त्याच्याशी जुळतं. पडदे शेवाळी हिरवे किंवा न रंगवलेल्या खादीचे. त्याच जांभळ्यातले मुळीच नकोत. कपाटाच्या कड्या पितळी असतील तर चिंच लावून घासा, या भिंतीवर पितळ फार देखणं दिसतं.

आणि काकांना सांगा, सगळे डबे एकाच वेळी मशीनवर काढून घ्या. नंतर आणलेल्या डब्याची छटा अर्धी पायरी इकडेतिकडे झाली तरी या रंगात ती लगेच कळते.

शेवंती_नाशिक:
पुठ्ठा उद्याच रंगवते. दुपारी चारचा आणि रात्रीचा, दोन्ही फोटो इथेच टाकेन.