जेरी ऑर्बाक: 'लॉ अँड ऑर्डर'च्या आधीचं काम कुठून सुरू करू?

चहा_आणि_सीझन
मंडळी, 'लॉ अँड ऑर्डर' या अमेरिकन पोलीस-कोर्ट मालिकेचे जुने सीझन बघतेय आणि त्यातल्या डिटेक्टिव्ह लेनी ब्रिस्कोने, म्हणजे जेरी ऑर्बाकने, पार वेड लावलंय. परवा कळलं की डिस्नेच्या 'ब्युटी अँड द बीस्ट'मध्ये फ्रेंच हेल काढून बोलणारा आणि गाणारा मेणबत्त्यांचा स्टँड, ल्युमिएर, तो आवाजही याचाच! मग शोधलं तर ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, चिक्कार काम दिसतंय. पण ही नाटकं तर केव्हाच बंद झाली, मग आता अनुभवायची कशी आणि सुरुवात कुठून करू? इंग्रजी म्युझिकलची सवय नाहीये मला, सोपं काहीतरी आधी सांगा.

तिसरी_घंटा
नाटक बंद झालं तरी तिकडे मूळ संचाकडून गाणी स्टुडिओत रेकॉर्ड करून घ्यायची पद्धत आहे, त्यामुळे ऑर्बाकची जवळजवळ सगळी महत्त्वाची कामं कानाने तरी मिळतात. तू 'द फँटास्टिक्स'पासून सुरू कर, १९६०. न्यूयॉर्कच्या सुलिव्हन स्ट्रीटवरचं एवढंसं थिएटर, साथीला मुळात फक्त पियानो आणि हार्प, आणि हे नाटक तिथे २००२ पर्यंत चाललं, १७,१६२ प्रयोग! त्यातला पहिला एल गायो, म्हणजे निवेदक कम डाकू, हा ऑर्बाक, वय अवघं चोवीस. सुरुवातीचं 'ट्राय टू रिमेंबर' ऐक. खालच्या पट्टीतला भरीव आवाज, कसलीही घाई नाही, कुठे हरकती घेऊन दाखवणं नाही आणि शब्द न् शब्द कळतो. सवय नसलेल्या माणसाला याहून सोपी सुरुवात नाही.

मग थेट १९७५ चं 'शिकागो'. बॉब फॉसीचं दिग्दर्शन, सोबत ग्वेन व्हर्डन आणि चिता रिवेरा, आणि ऑर्बाक म्हणजे वकील बिली फ्लिन. २००२ च्या सिनेमात रिचर्ड गिअरने केलाय तोच रोल. त्यात पत्रकार परिषदेचं एक गाणं आहे, बिली आपल्या अशिलाला मांडीवरच्या बाहुलीसारखं बोलवतो, प्रश्न पत्रकारांचे, तोंड तिचं आणि उत्तरं याची. ते हेडफोन लावून दोनदा ऐक. आणि गंमत म्हणजे १९६१ च्या 'कार्निव्हल!'मध्ये तो खरोखरच बाहुल्यांचा खेळ करणारा होता, लंगडणारा, कडवट, जे प्रेम स्वतःच्या तोंडाने बोलता येत नाही ते बाहुल्यांच्या तोंडून बोलणारा. या दोन्हीनंतर ब्रिस्को बघितलास ना, की मृतदेहाशेजारी उभं राहून तो जे एक वाक्य टाकतो आणि मग टायटल सुरू होतं, त्याचं टायमिंग कुठून आलं ते लगेच कळतं. पोलिसाच्या कोटात उभा असलेला गाणारा नटच आहे तो.

विंगेतून
+१, पण 'प्रॉमिसेस, प्रॉमिसेस' राहिलं की! १९६८, संगीत बर्ट बॅकरॅक, संहिता नील सायमनची. यातल्याच रोलसाठी टोनी, म्हणजे ब्रॉडवेचा सर्वात मानाचा पुरस्कार, मिळाला त्याला.

आणि 'फॉर्टी-सेकंड स्ट्रीट'. यात तो नाटक बसवणारा कडक दिग्दर्शक ज्युलियन मार्श. २५ ऑगस्ट १९८०, पहिला प्रयोग संपला, टाळ्या थांबत नव्हत्या आणि निर्माता डेव्हिड मेरिकने स्टेजवर येऊन सांगितलं की दिग्दर्शक गोवर चॅम्पियन त्याच दिवशी गेले. कलाकारांनाही तोवर पत्ता नव्हता, सगळे थिजून उभे. तेव्हा पडदा पाडायला सांगितलं ते ऑर्बाकने. नाटकात दिग्दर्शक झालेल्या माणसावर खऱ्या दिग्दर्शकाच्या मृत्यूच्या रात्री ही वेळ यावी... मला अजूनही ते वाचताना गलबलतं. यातलं 'ललबाय ऑफ ब्रॉडवे' हे गाणं ऐकशील तेव्हा हे लक्षात असू दे.

जर्सीकर
न्यूयॉर्कला आलात तर मॅनहॅटनमध्ये एट्थ ॲव्हेन्यू आणि ५३ व्या स्ट्रीटचा कोपरा बघा, 'जेरी ऑर्बाक वे' अशी पाटी आहे. तो २८ डिसेंबर २००४ ला गेला, प्रोस्टेट कॅन्सर होता, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे डोळे दान केले.

चहा_आणि_सीझन
बापरे, किती दिलंत! आज रात्री 'फँटास्टिक्स'. आता एकच, सीझन ओळीने बघू की निवडक भाग सांगाल?

तिसरी_घंटा
तिसऱ्या सीझनपासून ओळीनेच बघ, तो १९९२ ला तिथेच येतो. त्याआधी दुसऱ्या सीझनमध्ये एका भागात वकील म्हणून दिसतो, तोही बघून घे, ब्रिस्कोशी काही संबंध नाही. सहाव्याचा शेवटचा भाग 'आफ्टरशॉक' मात्र मध्येच उडी मारून बघू नकोस. ब्रिस्कोने दारू सोडलेली आहे हे तोवर तुझ्या अंगवळणी पडलेलं असायला हवं, तरच तो भाग लागतो. आणि नंतर जेसी एल. मार्टिन जोडीदार म्हणून येतो, तोही ब्रॉडवेचाच, 'रेंट'च्या मूळ संचातला. दोघे गाडीत बसून बोलतात ते सीन पुढे ढकलू नकोस.